मार्थेचं वाक्य

मंगळवार, १७ मार्च

यायचंच होतं हे. येत्या रविवारचं शास्त्रवाचन माझ्याकडे — आणि धडा लाजराचा, मार्था-मरिया ह्या बहिणींच्या मेलेल्या भावाचा!

पाळकसाहेब दाराशीच म्हणाले, "ताई, जड जाणार असेल तर दुसऱ्या कुणाला देतो." नको म्हटलं. मग म्हणाले, "धडा लांब आहे. मार्था भेटते तिथपर्यंत वाचलंत तरी चालेल."

दादाला जाऊन पाच महिने झाले. मी वाचायला उभी राहिले की तो पहिल्या बाकावरून हाताने खुणा करायचा — सावकाश, सावकाश. घरी आल्यावर, "तुला काय बस पकडायची होती?"

बुधवार, १८ मार्च

स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून पाहिलं. भाऊ गेल्यावर प्रभू पोचतो. मार्था तोंडावर सांगते — तू इथे असतास तर माझा भाऊ गेला नसता.

तिथेच अडकते. समोर धाकटा दिसतो. अ‍ॅम्ब्युलन्स चालवतो. जगाला वेळेवर पोचवतो आणि सख्ख्या भावाच्या छातीत कळ आली तेव्हा — वहिनीने फोनवर फोन केले, ह्याने उचलले नाहीत! अजून एका शब्दाने खुलासा नाही. चर्चमध्ये येतो, शेवटच्या बाकावर बसतो, जातो.

शुक्रवार, २० मार्च

वहिनीकडे गेले. वाटाणे सोलत होती. धडा कुठला ते सांगितलं. हात थांबले तिचे.

"मोठ्याने वाचा, वन्सं. शेवटच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे."

"चर्चमध्ये उभी राहून टोमणे मारू का आता?"

"तुम्ही कुठे मारताय? लिहिलेलंच आहे."

पटलं मला. खरं सांगायचं तर — बरंही वाटलं.

शनिवार, २१ मार्च

पुढचंही वाचलं. मरियाही येऊन तेच म्हणते, शब्द न् शब्द! दोघींनी घरात बसून हेच घोकलं असणार, एकमेकींपाशी. वहिनी आणि मी, तसंच.

आणि प्रभू? मार्थेला धीर देतो. मरियेला रडताना पाहून स्वतःही रडतो. पण उशीर का झाला, ते दोघींनाही सांगत नाही. ठपका तसाच राहू देतो.

मार्थेपाशी थांबले तर हे रडणं वाचायचं राहूनच जाईल. पूर्ण वाचणार.

रविवार, २२ मार्च

पूर्ण वाचलं. सावकाश. ते वाक्य पहिल्यांदा आलं तेव्हा मान वर केली नाही. मोठ्यानेही वाचलं नाही. होतं तसं वाचलं.

दुसऱ्यांदा आलं तेव्हा हुंदका ऐकू आला. वाटलं, धाकटा. तो मान खाली घालून बसला होता. रडत होती वहिनी.

बाहेर त्याला गाठलं. "जेवायला ये." पाच महिन्यांत पहिल्यांदाच म्हटलं. "ड्यूटी आहे गं ताई." चपला घालता घालता — "छान वाचलंस."

सोमवार, २३ मार्च

वहिनी सकाळीच आली. बसलीसुद्धा नाही. "हे सारखे म्हणत होते, धाकट्याला बोलव. मी म्हटलं, पित्त असेल, त्याला कशाला त्रास. फोन मी केलाच नव्हता, वन्सं."

म्हणजे धाकट्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.