डाव्या पायाचा माग

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पोचलो एकदाचे! काल फ्रीमाँटहून निघालो, रीनोच्या पुढे एका मोटेलात राहिलो आणि आज सकाळी जमिनीच्या फाटकापाशी गाडी सोडल्यापासून नुसती चाल. समोर कोरडा तलाव पसरलाय, मिठासारखा पांढरा. तिन्ही बाजूंना तपकिरी टेकड्या. झाड म्हणून नाही, नुसती खुरटी झुडपं. इतकं आकाश मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. इशिताने वाटेसाठी धपाटे आणले होते. यतीन म्हणाला, हे शेवटचं सिव्हिलाइज्ड जेवण, मन लावून खा.

इशिता माझी नागपूरची शाळासोबतीण. जुलैत माझी नोकरी गेली, तेव्हा न चुकता फोन करणारी ती एकटीच. तिच्या नवऱ्याने, यतीनने, ही जमीन भाड्याने घेतली आहे. ऑफिसात पिचलेल्या टेकवाल्यांना आठवडाभर अश्मयुगात राहायला आणायचं, ही त्याची नवी कंपनी. गिऱ्हाइकं यायच्या आधी आम्ही चौघांनी राहून बघायचं: तो, इशिता, त्याचे वडील मनोहर काका आणि मी. कुठलं हत्यार कामाला आलं, कुठलं सामान नुसतं ओझं झालं, ते रोज लिहून काढणं हे माझं काम. म्हणून वही आणि पेन फक्त मला. फोन मात्र सगळ्यांचेच फाटकापाशी, गाडीत.

माझा डावा गुडघा बॅडमिंटनने घालवलाय. ऑपरेशन झालं तरी पाय किंचित ओढत येतो. यतीनला मी हे आधीच सांगितलं होतं. उलट बरंच झालं, म्हणाला, सगळ्या तऱ्हेची माणसं येणार, तुझाही डेटा हवा. तर मी म्हणजे डेटा. असो, मजा येतेय.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज हत्यारं निवडली. यतीनने एका कातड्यावर सगळं मांडून ठेवलं होतं. टोक विस्तवात भाजून कडक केलेले भाले, दगडी कुऱ्हाडी, ज्वालामुखीच्या काळ्या काचेची पाती, विस्तव पाडायच्या काठ्या, बकऱ्याच्या कातड्याच्या पाण्याच्या पखाली, गोफणी. प्रत्येकाने दोनच वस्तू घ्यायच्या, बाकीचं पुरून टाकायचं. जगायला काय लागतं ते आधी डोक्यात ठरवा, असं त्याने टीम मीटिंगमध्ये बोलावं तसं सांगितलं.

त्याने स्वतः सगळ्यांत लांब भाला घेतला आणि कुऱ्हाड. इशिताने काळं पातं आणि विस्तवाच्या काठ्या. पातं इतकं धारदार की तिचा अंगठा कापला ते तिला रक्त बघून कळलं. काकांनी गोफण उचलली आणि एक पखाल. ते साताऱ्याकडचे. लहानपणी ज्वारी राखायला मचाणावर बसायचे, गोफणीने पाखरं उडवायचे. हात अजून तसाच आहे. पहिल्याच दगडात त्यांनी लांबच्या खडकावरचा कपचा उडवला आणि शाळकरी पोरासारखे हसले.

मी पखाल आणि चालायची काठी घेतली. हत्यार नाही घेतलंस, म्हणून यतीन हसला. मी म्हटलं, मला मारायचं कुणाला आहे? इशिता हसली नाही. तिचा चेहरा जरा ओढलेला वाटतो. उन्हाने असेल.

१४ सप्टेंबर, रविवार

काकांनी ससा मारला! सोलताना मी तोंड फिरवलं, पण भाजल्यावर वास सुटला आणि सगळं विसरले. नोंद: काचेच्या पात्याने कातडं स्वच्छ निघतं. दगडी कुऱ्हाड दिसायला भारी, कामाला शून्य. भाल्याने यतीनला अजून काही मिळालेलं नाही, त्यामुळे तो चिडचिडा झालाय.

सकाळी तलावाच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी चालताना दिसलं. उन्हाच्या झळांत थरथरणारी एक काळी रेघ. मला वाटलं कुणी हायकर. यतीन बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, रँचवरचा, गुरं राखणारा माणूस असेल. इशिता राख सारत बसली. जेवलीही नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

तो आज तलावाच्या मध्यापर्यंत आलाय. ‘तो’ लिहिलं खरं, पण खात्री नाही. अंगावर कपडा दिसत नाही. चाल एकाच लयीची, ना भरभर, ना रेंगाळत. आम्ही सरपण गोळा करायला निघालो की तो निघतो. आम्ही थांबलो की खाली बसतो. यतीनने हाका मारल्या, मग शिव्या दिल्या. तो तसाच बसून.

दुपारी तो टेकडीआड गेला, तेव्हा मी आणि काका तो बसला होता तिथवर गेलो. अनवाणी पाऊल, बोटं फाकलेली, टाच रुंद. ते ठसे आमच्या परवाच्या वाटेवर येऊन मिळाले होते. चौघांचे ठसे होते तिथे. त्याने तिघांचे सोडून दिले होते. माझ्या डाव्या पायाची ओढल्याची जी रेघ उमटते, तिच्याशेजारी दोन तळव्यांचे आणि दोन गुडघ्यांचे ठसे. कुणी ओणवं होऊन, जवळून बघावं तसे.

काकांनी पायाने ते पुसून टाकलं आणि म्हणाले, चल पोरी, ऊन फार आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

उजाडताच तळ मोडला. यतीन म्हणाला, ट्रायल कॅन्सल, गाडीकडे चला. दिवसभराची वाट, पण माझा गुडघा सुजलाय. दुपारपर्यंत जेमतेम निम्मं अंतर, झऱ्यापर्यंत. ‘तो’ लिहवत नाही आता. ते मागे आहे. त्याच लयीत.

झऱ्याशी एक मेलेलं जनावर पडलं होतं, हरणासारखं. इथे त्याला प्राँगहॉर्न म्हणतात. यापेक्षा जोरात पळणारं जनावर या देशात नाही, असं यतीननेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. अंगावर जखम नाही. तोंडाला फेस, खूर झिजून रक्ताळलेले. एका मांडीचं मांस तेवढं काढून नेलेलं. काका खाली बसून बघत राहिले. म्हणाले, याला कुणी मारलं नाही. याला बसू दिलं नाही.

काका आणि यतीन पखाली भरायला गेले, तेव्हा इशिता माझ्याजवळ आली. तिला श्वास लागला होता.

“कादू, गेल्या वर्षी पण आलो होतो आम्ही. वीर म्हणून एक होता, यतीनच्या ऑफिसातला. जाडा होता, त्याला चालवेना.”

“मग?”

“ते त्याच्याच मागे लागलं. आमच्याकडे बघितलंही नाही. आम्ही पोलिसांना सांगितलं, तो भांडून एकटा निघून गेला.”

मी विचारलं, मग परत कशाला आलात? ती म्हणाली, सगळे पैसे यात अडकलेत. यतीनला वाटलं, या वर्षी नसेल. आणि असलंच तर—

“असलंच तर काय, इशिता?”

“तू हळू चालतेस, ते त्याला माहीत होतं.”

“आणि तुला?”

तिने मान खाली घातली. रोज फोन करायची. गुडघा कसा आहे, हे दर वेळी विचारायची. मला वाटायचं, काळजीने.

काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगितलं. यतीन म्हणाला, ड्रामा नको, आपण सगळे एकत्रच जाणार. काका मुलाकडे बघत राहिले.

१७ सप्टेंबर, बुधवार, सकाळ

गेले. दोघंही. उजाडताना गेले असणार. काकांची पखाल नेली. भाला इथेच टाकलाय, ओझं नको म्हणून.

काका इथे आहेत. यतीनने त्यांना उठवलं होतं, चला म्हणाला होता. ते गेले नाहीत.

“पोटचा पोर आहे माझा,” म्हणाले. “त्याच्या मागून कुठल्या तोंडाने जाऊ? चल, हळूहळू जाऊ आपण.”

ते झऱ्यापलीकडे बसलंय. आमची वाट बघत.

थोड्या वेळाने

काकांनी गोफण मारली. दगड खांद्यावर लागला, आवाज ऐकू आला. ते हललं नाही. खांद्याकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे.

माणूसच आहे. किंवा माणसासारखं. चेहऱ्यावर राग नाही, घाई नाही. घामाने चमकतंय. आणि हातात काही नाही. काठीसुद्धा नाही. आम्ही कातड्यावर मांडून हत्यारं निवडत बसलो होतो, आणि त्याच्या हातात काहीच—

दुपार

काका दमलेत. ओठ फुटलेत. एकच पखाल उरलीय, माझी. तिच्यात थोडं पाणी आहे. दर खडकाच्या सावलीला बसतात.

माझ्यापेक्षा हळू चालतायत.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ बघत बसलेय. आता ते माझ्यापेक्षा हळू चालतायत.

त्यांचा डोळा लागलाय. उशाला गोफण. माझ्यासाठी थांबलेला माणूस.

पखाल माझ्याकडे आहे.

नंतर

निघाले. त्यांना उठवलं नाही. पाणी ठेवलं नाही. ठेवणार होते—

मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. ते खडकापाशी पोचलं होतं. काका जागे झाले, उठून उभे राहिले, हात पसरून त्याच्या वाटेत आले. म्हातारा माणूस, हात पसरून.

ते त्यांना वळसा घालून पुढे आलं. वळूनही पाहिलं नाही.

काका ओरडतायत. माझं नाव. “पळ, पोरी, पळ!” मी त्यांना टाकून आले हे त्यांना कळलंच नाही. की कळलंय आणि तरी—

परत

पाणी संपलं. फाटक दिसतंय. गाडी नाही. धुळीचा लोट दिसतोय, रस्त्यावर, लांब जाणारा.

बसले की बसतं. म्हणून लिहिता येतंय. मधे दहा-वीस हातांचं अंतर. काठी मोडली. काकांचा आवाज बंद झालाय. लांब झालो म्हणून असेल. म्हणूनच असेल.

पाय उचलत नाही

बघतंय माझ्याकडे. मान एका बाजूला. दम लागलाय का, बघतंय

लख्ख ऊन. सगळं स्वच्छ दिसतंय, कुणी लांबून जरी बघितलं तरी—

उठलं

मी पण उठते. एकदा उठून