मार्जरी ड्युअरची चिठ्ठी

कारनेथी,
४ मार्च १९६१

चि. कु. एलस्पेथ हिस,
वॉटीमामाचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या शब्दकोशासाठी जुन्या शब्दांच्या उदाहरणांच्या आणखी साठ चिठ्ठ्या पाठवतोय. आपल्या चर्चच्या मृत्युनोंदींच्या वहीतलं १६४५ साल, म्हणजे प्लेगच्या साथीचं वर्ष, एकदाचं संपवलं. काय गं, जुन्या स्कॉट्स भाषेत मरणाला केवढे शब्द! वहीचा कारकून सुरुवातीला प्रत्येकासाठी ‘परमेश्वराच्या मर्जीने प्रयाण केले’ असं साग्रसंगीत लिहितो. मग नुसतं ‘प्रयाण’. मग ‘मेला’. ऑगस्टात तर ‘विणकरांच्या गल्लीतले सगळे’, एवढंच. आधी मला त्याचा राग आला. मग वाटलं, बिचाऱ्याचा हातच चालेना झाला असेल.

आणि सप्टेंबरात एकाएकी ते लांबलचक वाक्य पुन्हा! मार्जरी ड्युअर नावाच्या बाईसाठी. घरोघरी जाऊन प्रेतांना न्हाऊ घालायची ती. तिला न्हाऊ घालायला कोणी उरलं नाही, म्हणून ते मी केलं, असं तो लिहितो.

ही चिठ्ठी कोशात आलीच पाहिजे. बाकीच्या फेकल्यास तरी चालतील. त्या सगळ्यांना टेकाडाखाली एकत्र पुरलं, वर मेंढ्या चरतात. तिचं नाव दुसरीकडे कुठे नाही.

मामीने ओटकेक दिलेत. वाटेत चुरा झाला तर पोस्टाला बोल, मला नको.

तुझा,
वॉटीमामा

एडिंबरा,
१३ मार्च

ती. वॉटीमामांस,
सा. न. वि. वि.

ओटकेक सकाळीच संपले. मामा, एका चिठ्ठीवर एका शब्दापुरती एकच ओळ लिहायची, हे मी किती वेळा सांगितलं? तुम्ही पानंच्या पानं उतरवता. इथे तुम्हाला ‘पानवाले मामा’ म्हणतात.

आता रागावू नका. मार्जरीची चिठ्ठी तुम्ही ‘प्रयाण’ शब्दासाठी केलीत, पण त्याला याहून दीडशे वर्षं जुनी उदाहरणं आमच्याकडे पडली आहेत. आमच्या संपादक हॉल्डेनबाई म्हणतात, जुनं असेल तेच छापायचं, जागा नाही. मार्जरीला घेता येणार नाही. मलाच वाईट वाटतंय.

मामीला नमस्कार.

आपली,
एलस्पेथ

कारनेथी,
१७ मार्च

चि. एलस्पेथ,

‘प्रयाण’ला ढीगभर चिठ्ठ्या आहेत, मार्जरीला एकच होती. तुमच्या कोशाचं भलं होवो. मी चष्मा डब्यात ठेवलाय आणि बागेत काम करतोय.

वॉटीमामा

ता. क. मी मायझीमामी. हे दोन दिवस फुगून बसलेत. सुपात मीठ नाही म्हणतात, आणि मार्जरीचं गाऱ्हाणं कुत्र्याला सांगतात. काहीतरी कर गं बाई.

एडिंबरा,
२ एप्रिल

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

चष्मा डब्यातून बाहेर काढा! तुमची चिठ्ठी बाद करायच्या आधी सबंध वाक्य पुन्हा वाचलं. प्रेतांना न्हाऊ घालणाऱ्या बाईसाठी कारकुनाने जो शब्द वापरलाय, त्याची दुसरी चिठ्ठीच आमच्याकडे नाही. हॉल्डेनबाई स्वतः शिडीवर चढून सगळे खण पाहून आल्या. नशिबाने तो शब्द आता छापायला जाणाऱ्या याच खंडात येतो. उदाहरण एकच, म्हणून सबंध वाक्य छापायचं ठरलंय, नावासकट. तुम्ही नियमाने एकच ओळ पाठवली असती, तर मार्जरी कायमची गेली असती.

तरीही, मामा, पुढच्या वेळी एकच ओळ!

आपली लाडकी,
एलस्पेथ

कारनेथी,
९ नोव्हेंबर

चि. एलस्पेथ हिस,
मामामामीचे पोटभर आशीर्वाद.

छापलेलं पान मिळालं. अक्षर मुंगीएवढं, म्हणून मामीला वाचायला लावलं. चुलीपाशी उभी राहून तिने मोठ्याने वाचलं. ‘ते मी केलं’ला आली आणि तिने पान खाली ठेवलं. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली की, आपल्याकडे हे न्हाऊ घालायचं काम शेजारणी करतात, पण माझ्या वेळी कुणाला बोलावू नका, तुम्हीच करा. बेचाळीस वर्षांच्या संसारात बाईने पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं. मी हो म्हटलं.

सूप वाढता वाढता तिने एवढंच बजावलं की, आधी हात शेकून घ्या, तुमचे कायम गार असतात.

माया अशीच राहू दे.

तुझा,
वॉटीमामा