श्रेणी परत घ्यावी, राहीबाईंना राहू द्यावे

प्रति,
मा. मूल्यांकन अधिकारी,
आदर्श प्राथमिक शाळा निवड कक्ष,
तालुका भिवंडी.

अर्जदार : श्रीमती अदिती आल्हाद टिपणीस, मुख्याध्यापिका, प्राथमिक शाळा, तिवरपाडा (दापोडे रस्ता).

विषय : शाळेस मिळालेली 'अ' श्रेणी व अक्षरमुद्रा पुरस्कार परत घेऊन स्वयंपाकी श्रीमती राहीबाई पंढरी मढवी यांना कामावर ठेवणेबाबत.

संदर्भ : १) आपले श्रेणीपत्र, दि. १० ऑक्टोबर २०२५
२) आपला मध्यवर्ती आहाराचा आदेश, दि. १४ नोव्हेंबर २०२५
३) आपले ध्वनिव्यवस्था पडताळणीचे पत्र, दि. २१ नोव्हेंबर २०२५

महोदय,

१. सविनय सादर की, पुरस्कार मिळावा म्हणून केलेले अर्ज आपल्या टेबलावर पुष्कळ येत असतील. मिळालेला परत न्या म्हणणारा हा बहुधा पहिलाच. तो रागाच्या भरात लिहिलेला नाही. दि. १४ चा आदेश हाती पडला आहे, आणि येत्या सोमवारी, १ डिसेंबरला, आपला टेम्पो शाळेच्या फाटकाशी उभा राहील, म्हणून हा अर्ज घाईने करावा लागत आहे.

२. आमची शाळा दोन खोल्यांची. पहिली-दुसरी एकाच खोलीत बसते, मुले एकतीस. कोणाचा बाप गोदामात हमाली करतो, कोणाचे आई-बाप दोघेही कापडाच्या लूमवर. कोणी घरी भोजपुरी बोलते, कोणी तेलुगू, कोणी खाडीकाठची आगरी बोली. मराठीचे पुस्तक उघडले की निम्मा वर्ग खिडकीबाहेर माल उतरताना बघत बसे. अर्जदार एकवीस वर्षे शिकवते आहे. घसा कोरडा पडेपर्यंत तिने शिकवले, पण जून सरला, जुलै सरला, तरी मुलांच्या ओठांवर अक्षर उतरेना.

३. वर्ग आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि त्या भिंतीत सिमेंटची जाळी आहे. जाळीपलीकडे राहीबाई तांदूळ निवडत बसतात. त्यांची शाळा चौथीतच सुटली. आईकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या मात्र त्यांच्या तोंडी अजून ताज्या आहेत. जाळीच्या अलीकडे अर्जदाराने फळ्यावर अक्षर काढायचे आणि पलीकडून राहीबाईंनी त्या अक्षरावर ओवी जुळवायची, असे कोणी न ठरवता सुरू झाले. नमुन्यादाखल :

क कणगीचा गो बाय, भात भरला काठोकाठ,
ख खाडीच्या पान्याला, होरीनं धरली वाट,
ग गोदामाच्या दारी, ट्रक हुबे सात-आठ.

मुले आधी मान डोलवू लागली, मग ओठ हलवू लागली, मग बोटाने फळ्यावरचे अक्षर दाखवू लागली. तेलुगू घरातली काशी ही मुलगी शाळेत आल्यापासून मुकी बसून होती. ऑगस्टच्या एका सकाळी ती आपणहून उठली आणि 'कणगी' म्हणाली. शाळेच्या आवारात कणगी नाही, काशीने ती जन्मात पाहिलेली नाही. तरी त्या दिवशी तिने फळ्यावरचा 'क' बरोबर दाखवला. अर्जदार आनंदाने स्वयंपाकघरात धावली, तर राहीबाई सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "मी कय मास्तरीण हाय काय, बाई? हात कामात असतात, तोंड रिकामं असतं, म्हनून गाते."

४. आता अर्जदाराच्या हातून जे घडले ते. येथे तिची लेखणी अडखळते, तरी लिहिते.

दि. ११ सप्टेंबर रोजी आपली समिती तपासणीस आली. आदल्या दिवशी आलेल्या यादीत सतरावा मुद्दा होता : 'वर्गाध्यापनात अनधिकृत व्यक्तीचा सहभाग नसावा.' अर्जदार घाबरली. तिने राहीबाईंना सांगितले, "उद्या साहेब आहेत तोवर जाळीला गोणपाट लावून घ्या, आणि आवाज नको." राहीबाईंनी एवढेच विचारले, "पोरं अडली तं?" अर्जदार म्हणाली, "अडू द्या. मी आहे ना."

मुले अडलीच. समितीच्या अध्यक्षांनी नेमकी काशीला उभी केली आणि फळ्यावरचे वाचायला सांगितले. काशीने अर्जदाराकडे पाहिले, मग जाळीकडे पाहिले. तिथे गोणपाट. तिची हनुवटी थरथरू लागली आणि एक हुंदका बाहेर पडला. अर्जदार तिथेच होती, पण तिला काही सुचले नाही. तेवढ्यात गोणपाटाआडून, तांदूळ धुतल्याच्या आवाजातून, हलकेच ओवी आली. काशीने ती धरली, तिच्यामागे उरलेल्या तीस तोंडांनी धरली, आणि साऱ्या वर्गाने फळा वरपासून खालपर्यंत वाचून काढला.

अध्यक्ष महोदय छताकडे बघत म्हणाले, "वा. आवाज कुठून येतो ते दिसतही नाही. फार छान बसवलीय तुम्ही सिस्टीम." सहशिक्षक श्री. कुणाल केणे काही बोलायला गेले, तो अर्जदाराने त्यांचा हात दाबला आणि अध्यक्षांकडे पाहून मान डोलावली.

महोदय, अर्जदार हिचा गुन्हा तो हाच. ती खोटे बोलली नाही, फक्त मान हलवली. आपल्या अहवालात त्या मानेचे असे झाले : 'ध्वनिव्यवस्था : अत्युत्तम. बालकांच्या वाचनावर तिचा परिणाम थक्क करणारा.' शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण. पाड्यावर पेढे वाटले गेले. समारंभाला राहीबाई मागच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांनी टाळ्याही वाजवल्या.

५. त्यानंतरचा पत्रव्यवहार आपल्या दप्तरी आहेच. संदर्भ क्र. २ अन्वये, श्रेणीप्राप्त शाळेस बक्षीस म्हणून शिजवलेले अन्न मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून सीलबंद डब्यांत येणार आहे. सबब स्वयंपाकी पद १ डिसेंबरपासून रद्द. संदर्भ क्र. ३ अन्वये, रिकाम्या होणाऱ्या स्वयंपाकघरात ध्वनिव्यवस्था सुरक्षित ठेवावी, खोलीला कुलूप घालावे, यंत्राची कंपनी, खरेदीचा दिनांक व डेडस्टॉक रजिस्टरमधील पान क्रमांक कळवावा. दि. ९ डिसेंबर रोजी वरिष्ठ पथक ती ऐकण्यास येईल.

म्हणजे जिचा आवाज ठेवायचा, तिलाच बाहेर काढून त्या खोलीला कुलूप घालावे असा हा आदेश आहे. रजिस्टरच्या कोणत्या पानावर राहीबाईंना लिहावे? कंपनी म्हणून त्यांच्या आईचे नाव घालावे काय? खरेदीच्या दिनांकाच्या रकान्यात काय लिहावे? अर्जदाराने तीन वेळा तो तक्ता भरायला घेतला आणि तिन्ही वेळा खोडला. श्री. केणे म्हणाले, "मॅडम, एक स्पीकर आणून टांगू. मोबाइलवर मावशींचं गाणं भरून लावू. पथक खूश, विषय संपला." अर्जदाराने त्यावर दोन दिवस विचार केला, हेही लपवत नाही. पण यंत्राला काशीचा हुंदका ऐकू येणार नाही. कोणते मूल कुठे अडले आणि आता कोणती ओवी सोडावी, हे त्याला कसे कळावे?

६. आदेश वाचून दाखवला त्या दिवसापासून राहीबाई गात नाहीत. रुसल्या असाव्यात असे अर्जदारास वाटले. तिने विचारले, तर चुलीपुढून उत्तर आले, "रुसू कशाला? सोमवारपून मी न्हाय. पोरांना आताच सवय मोडूं दे, मंग जड न्हाय जानार." त्यांनी तपासणीच्या दिवशीचा गोणपाट आतून पुन्हा जाळीला बांधला आहे, स्वतःच्या हातांनी, घट्ट गाठी मारून. आत मसाला परततात, पातेली घासतात, पण ओठ मिटलेले. इकडे वर्गात अर्जदार 'त' काढते, 'थ' काढते, आणि एकतीस माना गोणपाटाकडे वळतात. काशीने काल पाटी पालथी घातली. पुन्हा ती तोंड उघडत नाही. दुसऱ्या सत्रात ती पूर्वीसारखी बाहेर माल उतरताना बघत बसली होती.

सवय मोडत नाही महोदय. मोडते आहे ते दुसरेच काही.

७. सबब अर्जदाराची हात जोडून विनंती की,

(अ) 'अ' श्रेणी व पुरस्कार रद्द करून शाळेस 'ब', 'क' किंवा योग्य वाटेल ती श्रेणी द्यावी. बक्षिसाचे डबे श्रेणीमुळे येणार आहेत, ते श्रेणीबरोबरच रद्द व्हावेत.

(ब) चुकीच्या वेळी मान हलवल्याबद्दल अर्जदारावर जी करायची ती कारवाई करावी. बदली, वेतनवाढ रोखणे, सेवापुस्तकात नोंद, सारे कबूल. राहीबाईंवर मात्र नको. त्यांचा अपराध एवढाच की गप्प बसा सांगितले असताना एक मूल रडवेले झालेले त्यांना ऐकवले नाही.

(क) तेही जमत नसेल, तर आपण स्वतः सोमवारच्या आत, सकाळी अकराच्या सुमारास, न कळवता यावे. समिती नको, यादी नको. वर्गात मुलांच्या रांगेत बसावे. राहीबाई गातील अशी हमी अर्जदार देऊ शकत नाही, कारण गाणे बंद करण्याचा पहिला हुकूम तिनेच दिला होता.

८. या अर्जाची खबर राहीबाईंना नाही. अर्जदाराने त्यांची अद्याप माफीही मागितलेली नाही. मुख्याध्यापिकेने स्वयंपाकिणीपुढे कसे वाकावे, या विचारात अडीच महिने गेले. आज हा अर्ज आपल्या आवक खिडकीत देऊन ती तडक शाळेत जाणार आहे, आणि घंटा होण्याआधी वर्गाच्या बाजूने तो गोणपाट सोडायला बसणार आहे. गाठी आतून आहेत. त्या एकटीने सुटणार नाहीत, पलीकडूनही हात लागेल. तो लागतो की नाही, ते ती आपणास उद्याच्या टपालाने कळवील.

आपल्या उत्तराच्या वाटेवर डोळे लावून बसलेली,
(सही)
अदिती आल्हाद टिपणीस
मुख्याध्यापिका, प्राथमिक शाळा, तिवरपाडा

दिनांक : २७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) पुरस्काराचे मूळ प्रमाणपत्र, चौकटीसह.
२) मानचिन्ह, एक नग.
३) ध्वनिव्यवस्थेचा तक्ता, तीन वेळा खोडलेला.

प्रत माहितीस्तव : श्रीमती राहीबाई पंढरी मढवी, स्वयंपाकघर. (समक्ष)