एकाच बादलीत

सालवड, बोईसर

प्रिय आई,
दुरूनच तुझ्या पाया पडते.

फोनवर माझ्या आवाजावरून तू ओळखलं असतंस, म्हणून लिहितेय. घाबरू नकोस. कंपनीत रंगाची पावडर भरून यांच्या हातांना खाज सुटते. मेडिकलमधलं गुलाबी लोशन लावलं की तासभर थंड वाटतं.

गेल्या आठवड्यात तसंच पुरळ आपल्या ओवीच्या मानेवर आलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कंपनीचे कपडे कुठे धुता?"

"सगळ्यांचे एकाच बादलीत," मी म्हटलं.

"लोशननं खाज कमी होईल. पण पावडर घरात येत राहिली, तर पुरळ परत येईल."

आई, माझ्याच हातानं झालं गं हे.

आता यांचे कपडे वेगळे धुते. ओवीची मान बरी आहे, खेळतेय. पण ती "बाबा" करत धावली, की हे आपले हात मागे घेतात.

काल यांनी दुसऱ्या खात्यात काम मागितलं. सुपरवायझर म्हणाले, "लोशन लाव. इथे सगळेच लावतात."

हे नोकरी सोडायचं म्हणताहेत. बाबांना एवढ्यात सांगू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? आणि आपली मागची खोली रिकामी आहे का गं?

तुझी,
अर्चना