काजळीची झूल

१४ ऑक्टोबर, दुपारी

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात? हिनेही विचारलंय. मी पत्राला बसलोय म्हटल्यावर ती दोनदा डोकावून गेली, खरंच लिहितोय का बघायला.

काजळी घोडी वाचली. हे आधी लिहायला हवं होतं. आयाळ पुन्हा आलीय, शेपटीच्या मुळाशीही केस फुटलेत. 'हिवाळ्यापर्यंत बरी झाली नाही तर इंजेक्शन देऊन संपवू' म्हणणारे मालक परवा तिला स्वतःच्या हाताने गाजर भरवून गेले.

डॉक्टरीणबाई तपासायला आल्या तेव्हा मी नेहमीच्या ऐटीत सांगितलं, खरूज आहे, बाकीच्यांना लागू नये म्हणून तळ्याकाठच्या शेडमध्ये बांधलीय. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, ही खरूज नाहीच. चिलटं चावल्याची अ‍ॅलर्जी आहे. आणि तुम्ही तिला चिलटांच्याच घरी नेऊन बांधलंत?" वीस वर्षं घोड्यांत काढली मी, ताई. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मग सूज उतरायला इंजेक्शन, सोललेल्या जागी मलम, पहाटे आणि तिन्हीसांजेला तबेल्यातच मुक्काम, समोर मोठा पंखा. वाऱ्यात चिलटांना उडता येत नाही म्हणे. "आणि बारीक जाळीची झूल हवी," त्या म्हणाल्या, "पोटाखालूनही झाकणारी."

ती माळ्यावर होती. तू मे महिन्यात पाठवलेलं पार्सल. मी उघडून बघितलं आणि तसंच वर टाकलं होतं. "घोडी संध्याकाळीच जास्त खाजवते, काहीतरी चावतंय तिला," त्याआधी इथे आलीस तेव्हा एवढंच तू म्हणाली होतीस. आणि मी चारचौघांत म्हणालो, "तू आपले दुकानातले पडदे शिव." तू चहा न पिता गेलीस. तरीही नुसत्या नजरेच्या अंदाजाने, कानांच्या टोप्यांसकट शिवून पाठवलीस.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतकी नेटकी कुणी शिवली? मी म्हणालो, करून घेतली. तेव्हाही तुझं नाव तोंडातून निघालं नाही. काल त्यांना फोन करून सांगितलं, माझ्या बहिणीने शिवली, आणि दुखणंही तिनेच आधी ओळखलं होतं.

चुकलं माझं, ताई. काजळी आज उभी आहे ती तुझ्यामुळे.

तिचं अंग इतकं भरलंय की झूल छातीवर तटतटते. नवीन माप कागदावर लिहून पाठवता येईल, ही म्हणालीसुद्धा, पाठवा. मी पाठवणार नाही. टेप घेऊन तूच ये. तू माप घे, मी तिला धरून उभा राहतो.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेला,
तुझा धाकटा