माकूळ आणि काचेची टाकी

मॅडम, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. सक्करदऱ्याच्या या घरातून मी आता फारशी बाहेर पडत नाही. सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून माझी शाळेची नोकरीही सुटली. नवरा सकाळी मिहानला कामावर जातो, त्याला यायला अंधार पडतो. दिवसभर मी, सासूबाई आणि भिंती. काल भांडी घासताना मालवण आठवलं. आम्हा प्राणिशास्त्राच्या मुलींना तुम्ही समुद्र दाखवायला नेलं होतं. एका कोळ्याच्या टबात जिवंत माकूळ होती, ऑक्टोपसच्याच कुळातली. तुम्ही टबात काळे दगड टाकले आणि बघता बघता ती दगडासारखी काळपट, खडबडीत झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. वर्गात शुद्ध बोलणाऱ्या तुम्ही तिथे एकदम घरच्या बोलीवर आलात. "टाळ्या काहून वाजवता वं? इले सोताले रंग दिसत नाही म्हणतात, तरी जागा पाहून रंग घेते. भेऊन राहिली ते." मग कोळ्याला विनवून तुम्ही तिला परत समुद्रात सोडायला लावलं.

या हिवाळ्यात आमच्या जवळच्या मैदानावर समुद्री जीवांचं प्रदर्शन आलं होतं. औषधं आणायला निघाले ती सरळ आत शिरले. शेवटच्या टाकीत एक ऑक्टोपस, आणि टाकीच्या झाकणावर वीट. राखणदार म्हणाला, "दोनदा निंगाला बाहेर. अंगात हाड नाही, बोटभर फट पुरते त्याले. अन् माणसं ओळखते. पानी फक्त माह्याच अंगावर उडवते."

"तुमच्याच का?"

"झाकण मीच लावतो ना."

हात लावू का, असं मी सारखी विचारत राहिले, तेव्हा त्यानं झाकण सरकवून मला हात पाण्यात घालू दिला. एक भुजा हळूच आली, मनगटाभोवती फिरली, मग दुसरी. तो त्वचेनं चव घेतो, हे तुम्हीच शिकवलेलं. तो मला चाखत होता, आणि त्याचा आडव्या बाहुलीचा डोळा माझ्याकडे लागलेला. समुद्र इथून किती दूर, हे त्याला कोण सांगणार? एवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या हातानं उचलला. सासूबाई अडखळत म्हणाल्या, "कुठं राहिली वं?" "येऊनच राहिली," म्हटलं. राखणदारानं त्या भुजा एकेक करून सोडवल्या आणि वीट परत ठेवली. घरी मनगटावरचे गोल लाल ठसे पाहून सासूबाईंनी विचारलं, तर बांगडी रुतली म्हणाले. आठवड्याभरात प्रदर्शन उठलं. त्याला कुठल्या गावी नेलं, कळलं नाही.

मॅडम, हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही असता तर तुम्हालाही सांगितलं नसतं. तुम्ही दुसऱ्याच दिवशी येऊन माझ्या नवऱ्याला समोर बसवून, हिची नोकरी का सुटली, ही घरातच का, असा जाब विचारला असता, आणि तो काय म्हणेल याची मला अजून भीती वाटते.