टाकीचं झाकण

कोंढा,
१४ डिसेंबर १९८२

प्रिय खुशाल,

तुला आणि सौ.ला माझे आशीर्वाद. वाटणी करून दे, हा तुझा निरोप पोचला. तलाठी सोमवारी येतो म्हणाला आहे. त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी ट्रॅक्टरचं ऐक, कारण जे पाहिलं त्याच्या नवलातून मी अजून बाहेर आलेलो नाही.

तू रागावून सासुरवाडीला गेलास, त्यानंतरही ट्रॅक्टरचं रडगाणं तेच होतं. खळ्यावर धान पसरायचं, तासभर फेरे मारायचे, की हा घरघरून बंद. मग सेल्फ मारा, हात जोडा, ढिम्म. पवनीहून टेकचंद मिस्त्री दोनदा आला. त्याने फिल्टर धुतला, नोझल काढून पाहिले, पाइपातली हवा काढली, टाकी उघडून डिझेल हुंगलं. प्रत्येक वेळी ट्रॅक्टर शहाण्यासारखा सुरू झाला आणि मिस्त्री बसमध्ये बसला असेल-नसेल तोच पुन्हा बंद पडला. अशी खोडी आपण जन्मात पाहिली नाही, असं म्हातारा म्हणाला.

गुरुवारी आभाळ भरून आलं होतं. रचलेल्या धानाची तीन पुंजणी अजून चुरायची होती आणि हा फेऱ्याच्या मध्येच थांबला. डिझेल संपलं की काय म्हणून मी टाकीचं झाकण फिरवलं. तुझी वहिनी शेजारीच तणस झाडून राहिलेले दाणे काढत होती. ती जवळ आली आणि म्हणाली, ‘आता सूं वाजलं, थे काय होतं?’ मी नेहमीसारखा खेकसलो, ‘तू तुझं तणस पाहा.’ ती हलली नाही. माझ्या हातातून झाकण घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाली, ‘तेलाच्या डब्याले एकच भोक पाडलं त तेल येते का? दुसरं हवेसाठी पाडा लागते. याचं दुसरं कुठी हाये?’ झाकणावर लाल रंगाचा जाड थर होता. पोती शिवायच्या दाभणाने ती तो खरवडत बसली, आणि खालून मोहरीएवढं भोक निघालं. ‘लावा आता,’ म्हणाली.

मिस्त्रीचं पाहून पाहून शिकलो होतो तशी पाइपातली हवा काढली, सेल्फ मारला. दिवस बुडेपर्यंत ट्रॅक्टर थांबला नाही. तिन्ही पुंजणी झाली. मी मधूनमधून झाकणाजवळ बोट नेऊन बघत होतो. एवढं मोठं लोखंडाचं धूड त्या एवढ्याशा भोकातून श्वास घेतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आणि ते ओळखलं कुणी, तर जिने कधी त्याच्या सीटला हात लावला नाही तिने, नुसत्या कानाने. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, खरंच सांगतो. तेवढं काही जमलं नाही, पण त्या दिवशी तिला सोबत बसवून जेवलो. तिला घास उतरेना, इतकी ती लाजली.

मग सगळं उलगडलं. मिस्त्री टाकी उघडायचा, हवा आत जायची, ट्रॅक्टर सुरू व्हायचा. तू इथे असताना मी दहा मिनिटं चालवून बघायचो, माझ्या हाती तो नीट चालायचा. पुरती मळणी करायला बसायचास तू, म्हणून बंद पडायचा तुझ्याच हाती. एवढ्यावरूनच मी ठरवलं, की तू टाकीतलं डिझेल चोरून विकतोस आणि त्याच्या जागी रॉकेल घालतोस.

आणि तो रंग. बैलजोडी उन्हाळ्यात विकली, शिंगांच्या रंगाचा डबा तसाच उरला होता. पोळ्याला गोठा रिकामा बघवेना, म्हणून मी ट्रॅक्टरलाच नटवलं. झाकणसुद्धा सोडलं नाही. तो ब्रश माझ्या हातात होता, खुशाल.

मी तुला खळ्यावर चार माणसांदेखत चोर म्हटलं. काल त्याच चौघांना बोलावून झाकण दाखवलं आणि रंग कुणी लावला ते सांगितलं. वाटणी तुला हवीच असेल तर सोमवारी करू, आणि ट्रॅक्टर तुझ्या नावे लिहू. तुझ्याकडे यायला मी दोनदा नाकाडोंगरीला निघालो आणि दोनदा वाटेत तुमसरलाच उतरून परत आलो. तुझ्यासमोर उभं राहून जे म्हणायला तोंड उघडलं नसतं, तेवढ्यासाठी हे पत्र आहे. माझं चुकलं. मला माफ कर.

तुझाच दादा,
तेजराम